एएफएमसीच्या मुलाखतीचा आदला दिवस

पहाटे ५. लातूरहून येणारी ट्रॅव्हल्स सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरते, म्हणून आम्ही हडपसरलाच उतरतो. सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय याच रस्त्यावर, वानवडीत आहे. मोठी बॅग डिकीत होती. फाइल आणि मुलाखतीचे कपडे मात्र भाचीने रात्रभर जवळच ठेवले. सामान हरवलं तरी हे दोन हातात हवेत.

६. लॉजवर आंघोळ. साधा, इस्त्रीचा सलवार-कमीज. बूट रोजच्या वापरातले, पायाला बसलेले. आज तासन्‌तास उभं राहायचं आहे.

७. पोहे खाता खाता फाइल पुन्हा चाळतो. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार, बोलावण्याचं पत्र. मूळ कागद एका कप्प्यात, साक्षांकित झेरॉक्स दुसऱ्यात. नीटच्या अर्जावरचाच फोटो, जास्तीच्या प्रतींसह. कागदोकागदी नावाचं स्पेलिंग बदलत असेल, तर प्रतिज्ञापत्र गावाकडूनच करून आणावं. इथे ऐनवेळी नोटरी शोधत फिरलं की मुलांचा धीर खचतो.

८. फाटकाशी तिचा मोबाइल माझ्याकडे येतो. ‘मामा, आईला फोन करून सांग,’ म्हणत ती आत जाते. एमबीबीएसच्या १४५ जागा; त्यांत मुलींसाठी फक्त ३०. ही तफावत मला सलते.

११. आत इंग्रजी आकलन आणि तर्काची चाचणी: ३० मिनिटांत ४० प्रश्न. त्याखेरीज मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत. लातूरच्या शिकवण्यांत मुलं पर्याय निवडण्यात तरबेज होतात, पण बोलायची सवय मोडते. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी मी तिला बोलतं केलं. इथून डॉक्टर झाल्यावर सैन्यदलात सेवा करावीच लागते. त्यावर घरात आई-वडिलांशी मोकळं बोलणं होऊनच मुलीने इथे यावं. कागदपत्रांआधी मी हे धरतो.

दुपारी २. ती बाहेर येते. झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुलाखत उद्या आहे.

४. निवड झाली तर वैद्यकीय तपासणी होईल. चष्म्याच्या नंबरचा ताजा कागद आणलाय. कानातला मळही घरीच डॉक्टरांकडून काढून घेतला. मळ असला की पडदा दिसत नाही.

६. परतीचं तिकीट मुद्दामच काढलेलं नाही. जादा कपडे, औषधं, रोख पैसे जवळ आहेत. लॉजवाल्याला खोली आणखी दोन दिवस ठेवायला सांगतो.