धक्क्यावरील वीज आणि नौकेच्या बॅटरीचे खटके

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत गोव्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा आदी ठिकाणी ट्रॉलर दाटीवाटीने नांगरलेले दिसतात. धक्क्यावर विजेची सोय असेल तर केबल जोडून, बॅटरी चार्जिंगला लावून मालक व तांडेल घरी जातात. परंतु पावसाळी रात्री वीज गेली आणि बॅटरीही उतरलेली असली, तर तळातील पाणी उपसणारा पंप बंद पडतो व धक्क्याला बांधलेली नौका जागच्या जागी बुडू शकते. हे टाळणे बव्हंशी बॅटरीच्या खटक्यांच्या योग्य वापरावर अवलंबून आहे.

विजेचा मार्ग

धक्क्यावरून येणारी वीज २३० व्होल्टची असते. नौकेवरील दिवे, वायरलेस व पाण्याचा पंप मात्र सामान्यतः १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. चार्जर धक्क्यावरील वीज घेऊन बॅटरी भरीत राहतो. वीज गेली की चार्जर थांबतो, दिवे मात्र तेवतच राहतात. म्हणून कोणास शंका येत नाही. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा भार सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत राहिला, तर ६० अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक बॅटरी रिकामी होते. पंपासाठी मग फारसे काही उरत नाही.

कोणता खटका कसा ठेवावा

पुष्कळ नौकांवर दोन बॅटऱ्या असतात : एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी दिवे व इतर उपकरणांसाठी. त्यांच्या मुख्य खटक्यावर ‘बंद’, ‘१’, ‘२’ व ‘दोन्ही’ अशा चार खुणा असतात. नौकेवर वस्तीस कोणी नसेल तर खटका ‘बंद’वर असावा. खलाशी राहणार असतील तर केवळ दिव्यांची बॅटरी चालू ठेवावी. इंजिनाची बॅटरी अलग राहिली पाहिजे.

‘दोन्ही’वर खटका ठेवून जाण्याची सवय घातक आहे. एक बॅटरी जुनी वा निकामी झालेली असल्यास ती चांगल्या बॅटरीसही आपल्याबरोबर उतरविते. चार्जरला दोन स्वतंत्र जोडण्या असतील, तर दोन्ही बॅटऱ्या भरण्यासाठी त्या एकत्र करण्याची गरजच नसते.

आपोआप चालणाऱ्या पंपाची तार मात्र मुख्य खटक्याच्या अलीकडे, थेट बॅटरीस आणि स्वतःच्या फ्यूजसह जोडलेली असावी. तरच खटका बंद असतानाही पंप जागा राहतो. चार्जरची जोडणीही अशीच थेट व फ्यूजसह हवी. त्याची परीक्षा सोपी आहे. खटका बंद करून व्होल्टमापक बॅटरीच्या टोकांना लावावा. चार्जिंग होत असल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीवर १३ हून अधिक आकडा दिसतो. चार्जर बंद करून काही तासांनी भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखविते, १२.२ दिसल्यास ती निम्मी उतरली असे समजावे.

सावधगिरी

केबल जोडताना धक्क्यावरील खटका बंद असावा. प्रथम नौकेच्या बाजूचे टोक बसवावे, नंतर धक्क्याचे आणि शेवटी खटका चालू करावा. काढताना हाच क्रम उलटा करावा. इंजिन चालू असताना बॅटरीचा खटका ‘बंद’वर कदापि नेऊ नये, त्याने इंजिनावरील अल्टरनेटर जळण्याचा संभव असतो.

चार्जिंग होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर ठेवावी व तेथे विडी ओढू नये. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे.

अर्थिंगची तार कोणत्याही कारणास्तव तोडू नये. शेजारच्या नौकांशी या तारेवाटे संबंध जुळून जस्ताचे ठोकळे लवकर झिजत असतील, तर परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून योग्य साधन बसवून घ्यावे.

शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी. पावसाळ्यात मांडवीसारख्या नद्यांच्या मुखाशी पाण्याचा खारटपणा बराच घटतो, आणि गोड्या पाण्यात उतरलेला विद्युतप्रवाह माणसास अधिक मारक ठरतो. केबल जोडलेल्या नौकांजवळ मुलांनी पोहू नये.

धक्का सोडण्यापूर्वी खटके, पंप व बॅटरी यांवर नजर टाकण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे प्रत्येक तांडेलाने काढावीत. कारण ऑगस्टच्या पहिल्या दिवशी समुद्रावर जाण्यासाठी नौका तरंगती हवी आणि तिचे इंजिनही पहिल्याच प्रयत्नात सुरू व्हावयास हवे.