ताडोबाच्या सहलीत आजी-आजोबांचा मुक्काम

ताडोबाचा बेत ठरतो तो वाघाभोवती. आधी सफारीचे आरक्षण, मग मिळेल ती खोली. घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती सोबत येणार असेल, तर मुक्कामाचा विचार सफारीबरोबरच करावा, असे मी रुग्णांच्या कुटुंबीयांना सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील या व्याघ्र प्रकल्पाला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशी अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि परवान्यावर ज्याचे नाव असेल तेथूनच आत जावे लागते. मोहर्ली चंद्रपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, तर कोलारा चिमूरच्या बाजूला, नागपूरहून येणाऱ्यांना सोयीचे. सफारी कोलाऱ्याची आणि खोली मोहर्लीत, असे झाले की जंगल दिसण्यापूर्वीच आजोबा थकलेले असतात. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. मुक्काम द्वाराजवळ असेल तर थोडी अधिक झोप मिळते आणि शौचाची घाई होत नाही. ही दुसरी गोष्ट वृद्धांना फार जाचते. पण संकोचापायी कोणी ती बोलून दाखवत नाही.

बोलत नाहीत, आणि मग पाणी पिणेच सोडतात. फेरी तीन-चार तासांची, वाटेत ठरावीक ठिकाणीच उतरण्याची परवानगी. तेव्हा त्यांचाही नाइलाज असतो. परंतु चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात कोरड्या शरीराला चक्कर येते, रक्तदाब उतरतो. व्याघ्रदर्शनाची संधी उन्हाळ्यात अधिक, हे खरे. तरी वडीलधाऱ्यांसाठी मी हिवाळाच सुचवीन, आणि उघड्या जिप्सीतील पहाटेच्या गारठ्यासाठी कानटोपी व शाल. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. स्वतःहून गोळी टाळू नये.

खोलीची छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. छायाचित्रात पायऱ्या मोजता येत नाहीत. दूरध्वनी करून विचारावे: खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का, त्याच्या शेजारी धरायला दांडी आहे का? न्हाणीघराचा उंबरठा किती उंच? वीज गेल्यास दिव्याची सोय काय? माझ्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुग्ण बाई सहलीत दिवसभर उत्तम हिंडल्या आणि रात्री अनोळखी न्हाणीघरात एका पायरीवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. पुढचे चार महिने त्यांच्या सुनेने रजा काढून काढले. वीतभर उंचीची पायरी होती ती. म्हणून उशाशी विजेरी असावी, आणि उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच पाय टाकावा. उंच चौथऱ्यावरचे तंबू तरुणांना खुशाल द्यावेत.

मधुमेह असल्यास न्याहारीची वेळ आधीच पक्की करावी. इन्सुलिन टोचून उपाशीपोटी जिप्सीत बसणे धोक्याचे आहे. पहाटेच्या मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खिशात साखर ठेवावी. खोलीत शीतकपाट आहे का, हेही विचारावे. इन्सुलिन बंद मोटारीत ठेवू नये, बर्फालाही चिकटू देऊ नये.

रुग्णालयाचे अंतर मोजणे कोणालाच रुचत नाही, तरीही मोजावे. मोहर्लीहून चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते, कोलाऱ्याहून आधी चिमूर. हृदयरोग्यासाठी मी मोहर्लीचीच बाजू निवडेन. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांना ठाऊक असतो, पण निवासस्थानी भ्रमणध्वनीची रेंज मिळते का, हे विचारून घ्यावे.

कंबरेच्या मणक्यांचा ठिसूळपणा असेल, तर मातीच्या रस्त्यावरचे हादरे टाळलेलेच बरे. अशा आजींसाठी झाडांकडे तोंड असलेल्या पडवीची खोली घ्यावी. सकाळचे पक्षी तेथेही येतात. मात्र घरातील एकाने त्या फेरीला न जाता त्यांच्यासोबत थांबावे, आणि प्रत्येक फेरीला थांबणारा बदलावा.