एका ठिपक्यात दोन स्फटिक

सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक निर्दोष दिसतो. क्ष-किरणांचे ठिपकेही नेटके उमटतात. तरी रेणूची रचना काही केल्या सुटत नाही. अशा वेळी शंका येते, की हा स्फटिक जुळा तर नाही?

स्फटिकाची एकक पेटी, म्हणजे जिच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो ती, घ्या. दोन कोन नेमके 90 अंशांचे, तिसरा 90.1. वाढता वाढता एखादा भाग अर्धा फेरा फिरून बसला, तरी पेट्या जवळपास तंतोतंत जुळतात. दोन्ही भागांचे ठिपके एकावर एक पडतात आणि डिटेक्टरच्या हाती फक्त बेरीज लागते.

समजा, दोन ठिपक्यांच्या खऱ्या तीव्रता 100 आणि 0 आहेत. जुळ्यांचं प्रमाण 70:30 असेल, तर मोजणीत 70 आणि 30 येतील. प्रमाण ठाऊक असेल तर मूळ आकडे परत काढता येतात. 50:50 असेल, तर दोन्हीकडे 50! मूळ आकडे 60 आणि 40 असते, तरी 50च आले असते. शिवाय दोन्ही ठिपके सारखे झाल्याने स्फटिक आहे त्याहून अधिक सममित भासतो. केवढी ही फसवणूक!

पण चोरी पकडली जाते, आणि तीही किती सुंदर रीतीने. एखादा ठिपका अगदी फिका असणं नेहमीचंच. एकावर एक पडलेले दोन्ही फिके असणं दुर्मीळ. म्हणून जुळ्या स्फटिकात फार फिके आणि फार तेजस्वी ठिपके कमी होतात. तीव्रतेचा हा चढउतार मोजणारा एक आकडा असतो. सममिती-केंद्र नसलेल्या साध्या स्फटिकात तो 0.736च्या आसपास येतो, अर्ध्याअर्ध्या जुळ्यात 0.541पर्यंत उतरतो.

पुढची युक्ती तर मला थक्कच करते. मोजलेले आकडे सोडवत बसायचंच नाही. अणूंचं मॉडेलच गणितात जुळं करायचं आणि त्याची बेरीज मोजणीशी ताडायची. गॉटिंगनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या ‘शेलएक्सएल’ या संगणक-प्रणालीत त्यासाठी ‘ट्विन’ ही ओळ असते. तिच्यात नऊ अंक, म्हणजे त्या अर्ध्या फेऱ्याचं वर्णन. हे 50:50लाही चालतं, कारण हायड्रोजन सोडून तीस अणूंच्या रेणूला सुमारे 270 अज्ञात असतात आणि ठिपके हजारोंनी. मॉडेल आणि मोजणी यांच्यातली 20 टक्क्यांपाशी अडकलेली तफावत या युक्तीने 5 टक्क्यांवर येऊ शकते. जुळ्यांचं प्रमाणही वेगळं मोजावं लागत नाही. अणूंच्या जागांबरोबर तेही त्याच गणितातून बाहेर पडतं.