शोकगीतांतील पालुपद

एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगणें हा काव्यशास्त्रांत दोष मानला आहे. परंतु दंडीनें ‘काव्यादर्शां’त या नियमास अपवाद सांगितला: करुणेचा अतिशय दाखवावयाचा असेल, तर पुनरुक्ति दोष न राहतां अलंकार होते. अरुणावतीच्या कांठीं वसलेल्या आर्णीसारख्या गांवीं हें समजण्यास शास्त्र उघडावें लागत नाहीं. घरांतलें मूल दगावलें, कीं आई समाचारास येणाऱ्या प्रत्येक बाईस तीच हकीकत पहिल्यापासून सांगते, आणि ‘हें मघां सांगितलेंस’ असें तिला कोणी म्हणत नाहीं.

राम गणेश गडकरी यांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता याच अनुभवावर उभी आहे. गडकऱ्यांचा अंत विदर्भांतच, सावनेर येथें, २३ जानेवारी १९१९ रोजीं झाला. त्यांचा ‘वाग्वैजयंती’ हा काव्यसंग्रह १९२१ मध्यें निघाला. कवितेंतील तरुण विधवेचें मूल गेलें आहे. तिच्या मतें तें निजलें आहे. ओळी आखूड आहेत, आणि कडवें कोठेंही फिरून आलें तरी शेवटीं त्याच शब्दांपाशीं थांबतें.

पालुपद बदलत नाहीं. बदलतो तो श्रोता. प्रथम ते शब्द कोणत्याही आईच्या तोंडीं शोभतील असे वाटतात: मूल निजलें आहे, गलबला करूं नका. पुढें तेच शब्द मूल न्यावयास आलेल्या लोकांस दिलेलें उत्तर होतात. आईच्या बोलण्यांत झोंप मोडण्याची काळजी आहे. शोक होतो तो ऐकणाऱ्यास. प्रत्येक कडव्याचा शेवट निराळा केला असता, तर तिचें मन एका विचारावरून दुसऱ्यावर जात आहे असें झालें असतें. तें जात नाहीं, हेंच तर दुःख आहे. अंगाईंतील पालुपद मुलास निजवितें. येथील पालुपद आईस जागें होऊं देत नाहीं.

जात्यावरच्या ओवींतही शब्द परत येतात; परंतु तेथें हात चालू असतात, जातें फिरतें, पीठ पडतें, आणि दुःख सांगतां सांगतां दळण सरतें. या आईच्या हातांस मुलाला धरून ठेवण्यावांचून काम उरलेलें नाहीं. म्हणून ओवींतील पुनरुक्ति दुःखास वाट देते, तर या कवितेंतील पुनरुक्ति त्याची वाट अडवून उभी राहते.

समाचारास जाणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें: तेंच तें सांगणाऱ्या माणसास नवें उत्तर नको असतें, पुन्हां ऐकणारा हवा असतो.