रणजी करंडक : संस्थानांपासून राज्यांपर्यंतचा प्रवास

रणजी करंडक ही भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असून तिचे प्रयोजन कोणते, या प्रश्नाला 'कसोटी संघासाठी खेळाडू घडवणे' असे उत्तर सहसा दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. प्रथम श्रेणी सामना म्हणजे किमान तीन दिवसांचा आणि प्रत्येक संघाला दोन डाव खेळण्याची संधी देणारा सामना. अशा सामन्यांतून गुणवत्ता पारखली जाते हे खरेच आहे. मात्र या स्पर्धेने त्याहून मूलभूत असे एक काम केले. खेळाडू कोणत्या धर्माचा आहे यावरून त्याचा संघ ठरण्याऐवजी तो कोणत्या गावाप्रांताचा आहे यावरून ठरावा, ही रीत तिने देशभर रुजवली, आणि पुढे देशाचा नकाशा जसजसा बदलत गेला तसतसा तिच्या संघांचा नकाशाही बदलत गेला.

या स्पर्धेआधी भारतीय क्रिकेटचे केंद्र मुंबईत होते आणि तेथील सर्वांत लोकप्रिय सामने जमातवार संघांमध्ये होत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या युरोपीय विरुद्ध पारशी या लढतीत १९०७ साली हिंदूंचा आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ दाखल झाला, आणि १९३७ साली उरलेल्या समाजांचा पाचवा संघ आल्यावर या सामन्यांना 'पंचरंगी' हे नाव मिळाले. पाळवणकर बाळू यांच्यासारख्या दलित गोलंदाजाने हिंदू संघात आपल्या कर्तृत्वाने स्थान मिळवले ते याच सामन्यांत, त्यामुळे त्यांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु धर्माच्या नावाने संघ उभे करणे त्या काळातही अनेकांना खटकत होते. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले, तेव्हा खेळात जमातवारीला स्थान नसावे असे मत गांधीजींनी दिले. प्रेक्षकांचा ओढा मात्र दीर्घकाळ पंचरंगीकडेच राहिला, आणि १९४६ साली ती बंद झाल्यानंतरच रणजी स्पर्धेला देशांतर्गत क्रिकेटमध्ये निर्विवाद पहिले स्थान मिळाले.

स्पर्धेचा निर्णय जुलै १९३४ मध्ये सिमला येथे भरलेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या बैठकीत झाला. मंडळाचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनी योजना मांडली आणि पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी पाचशे पौंड किमतीचा सुवर्णकरंडक देऊ केला. करंडकाच्या नावावरून संस्थानिकांमध्ये चुरस झाली आणि व्हाइसरॉय विलिंग्डन यांचे नावही पुढे करण्यात आले. अखेर आदल्या वर्षी, म्हणजे २ एप्रिल १९३३ रोजी, निधन पावलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांचे नाव कायम झाले. रणजितसिंहजी आपले सर्व कसोटी सामने इंग्लंडकडून खेळले होते आणि भारतीय संघाचे प्रतिनिधित्व त्यांनी कधीच केले नव्हते. तरीही क्रिकेटच्या जगात सर्वोच्च मान मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्यांच्याविषयी सर्वत्र अभिमान होता आणि नावाची निवड या अभिमानातूनच झाली.

४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झालेला स्पर्धेचा पहिला सामना एकाच दिवसात संपला. म्हैसूरचे डाव ४८ आणि ५९ धावांत आटोपले, मद्रासने १३० धावा केल्या, आणि ए. जी. रामसिंग यांनी एकट्याने ११ बळी घेतले. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात मुंबईने उत्तर भारत संघाला हरवून पहिला करंडक मिळवला.

पहिल्या दोन दशकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी संस्थानांचा इतिहास आहे. दरबारी नोकरी आणि लष्करातील हुद्दा देऊन उत्तम खेळाडू जमवणे संस्थानिकांना परवडत होते. रणजितसिंहजींच्या नवानगरने १९३६-३७ मध्ये करंडक जिंकला. बडोद्याने विजय हजारे यांना आश्रय दिला. आणि इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली असा संघ उभा केला की १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत तो दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धकाळात महू येथे नेमणुकीवर असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळले आणि नाबाद २४९ धावा करूनही त्यांना पराभव पाहावा लागला, कारण मुंबईच्या विजय मर्चंट यांनी २७८ धावा करून ठेवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि होळकर संघही लवकरच नकाशावरून गेला. त्याचा वारसा आधी मध्य भारताकडे आणि नंतर मध्य प्रदेशाकडे आला. नायडू मात्र साठी ओलांडल्यावरही उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळत होते.

याच काळात पुणे हे विक्रमांचे शहर झाले. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवले. त्यांपैकी पहिल्या मोसमात सांगलीचे विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, तर दुसऱ्या मोसमात वयाची अठ्ठेचाळिशी उलटलेल्या देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला, पण करंडक पुण्याला परतलेला नाही.

या शहरातील एका विक्रमाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपल्यानंतर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीस उतरले, के. व्ही. भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली आणि मध्यंतराच्या वेळी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावांपैकी ४४३ धावा त्यांच्या एकट्याच्या नावावर होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्या वेळचा जागतिक उच्चांक डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ हा होता. म्हणजे बरोबरीस नऊ आणि विक्रमास दहा धावा उरल्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांना आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे मानवले नाही. त्यांनी सामना सोडून दिला आणि निंबाळकर नाबाद ४४३ वरच राहिले. खेळाच्या नियमांत ते बसत असले तरी खेळाच्या वृत्तीत बसत नव्हते. कोणत्याही भारतीयाने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये यापेक्षा मोठी खेळी आजवर केलेली नाही, आणि ती करणाऱ्या निंबाळकरांना एकही कसोटी सामना मिळाला नाही. त्याच मोसमाच्या उपांत्य फेरीत मुंबईने पुण्यात ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. सात दिवस चाललेल्या या सामन्यातील २,३७६ धावांची बेरीज हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधील विक्रम आजही अबाधित आहे.

महाराष्ट्र हे एक राज्य असताना त्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ का, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतो. स्पर्धेतील संघ राज्य सरकारांचे नसून क्रिकेट संघटनांचे असतात आणि या संघटना १९६० साली राज्य स्थापन होण्याच्या आधीपासूनच्या आहेत, हे त्याचे उत्तर आहे. गुजरात राज्यातही याच कारणाने गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत, तर रेल्वे आणि सेनादल या संघांना प्रदेशच नाही.

संस्थानी संघांचा काळ संपल्यावर मुंबईचे पर्व सुरू झाले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा करंडक मुंबईने जिंकला, आणि जगातील कोणत्याही देशाच्या प्रथम श्रेणी स्पर्धेत अशी सलगता आढळत नाही. तिचे मूळ मैदानांच्या व्यवस्थेत होते. शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि क्रॉस मैदान येथे एकमेकांना खेटून चालणारे सामने, शाळाशाळांतील हॅरिस आणि गाइल्स ढाल स्पर्धा, कार्यालयीन संघांची टाइम्स ढाल, आणि १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग या पायऱ्या चढूनच खेळाडू मुंबईच्या संघात येत असे. कांगा लीगची खेळपट्टी ओली, चेंडू कधी उसळणारा तर कधी सरपटणारा; तेथे टिकलेल्या फलंदाजाला कोरड्या खेळपट्टीचे भय उरत नसे. यातून विकेट सहज न देण्याची जी वृत्ती तयार झाली तिला मुंबईकर 'खडूस' हा शब्द अभिमानाने वापरतात.

या पर्वातील शेवटचा विजय जवळून पाहण्याजोगा आहे. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यासाठी चेपॉकवर फिरकीला अनुकूल खेळपट्टी होती. मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत संपले, आणि एरवी अशा धावसंख्येवर अंतिम सामना जिंकण्याची आशा कोणी धरली नसती. परंतु डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले, तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले, आणि तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. पुढच्याच मोसमात बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला रोखले आणि नवा विजेता उदयास आला.

शिवलकर कसोटी खेळले नाहीत. त्याच शैलीचे हरियाणाचे राजिंदर गोयल यांनी या स्पर्धेत ६३७ बळी घेतले, जो आजही विक्रम आहे. तेही कसोटी खेळले नाहीत, कारण दोघांच्याही काळात भारतीय संघातील ती जागा बिशनसिंग बेदी यांची होती. पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा करणारे मुंबईचे अमोल मुझुमदार अकरा हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा करूनही भारतीय संघाबाहेर राहिले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २०२५ चा विश्वचषक जिंकला. या खेळाडूंना 'दुर्दैवी' म्हणण्याची पद्धत आहे. ती सहानुभूतीतून आलेली असली तरी तिच्यात रणजी क्रिकेटला केवळ जिना मानण्याची चूक दडलेली आहे. बँकेतील किंवा कंपनीतील नोकरी सांभाळून, अत्यल्प मानधनावर, वीस-वीस वर्षे या दर्जाने खेळणे हे स्वयंपूर्ण कर्तृत्व आहे. आता परिस्थिती बदलली असून २०२१ च्या निर्णयानुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६०,००० रुपये मिळतात.

मुंबईच्या पराभवांमध्ये सर्वांत स्मरणीय ठरला तो १९९०-९१ चा वानखेडेवरील अंतिम सामना. अखेरच्या दिवशी ३५५ धावांचा पाठलाग करताना सचिन तेंडुलकरने ९६ धावा केल्या, दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, आणि शेवटचा गडी धावबाद झाला तेव्हा कपिलदेवच्या हरियाणाने अवघ्या दोन धावांनी सामना जिंकला होता. वेंगसरकरांना मैदानावरच रडू आवरले नाही.

स्पर्धेची रचना अनेकदा बदलली. आरंभी चार विभागांत बाद पद्धतीने सामने होत. १९५७-५८ पासून विभागांतर्गत साखळी आली. २००२-०३ मध्ये विभाग मोडून एलिट आणि प्लेट असे दर्जानुसार गट झाले. एक नियम मात्र टिकून आहे, तो म्हणजे पहिल्या डावातील आघाडीचा. बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो पुढे जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरात ४५५ वर पोहोचला असता अखेरच्या फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ प्रथमच अंतिम फेरीत गेला. हा बळी मिळवणारा गोलंदाज आदित्य सरवटे मूळचा नागपूरचा, आणि अंतिम सामन्यात त्याला आपल्याच जुन्या विदर्भ संघाविरुद्ध खेळावे लागले.

विदर्भाचा उदय हा अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल होय. सहा दशके अंतिम फेरीही न गाठलेल्या या संघाने २०१७-१८ मध्ये फैज फझलच्या नेतृत्वाखाली दिल्लीला हरवून करंडक मिळवला, पुढच्या वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका मोसमातील बळींचा विक्रम केला. पहिल्या दोन विजयांमागे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. १९९९ साली बंगळूरला कर्णधार या नात्याने मध्य प्रदेशकडून अंतिम सामना हरलेल्या पंडितांनी २०२२ साली त्याच मैदानावर, प्रशिक्षक म्हणून त्याच संघाला, मुंबईविरुद्ध पहिला करंडक मिळवून दिला.

भागीदारीच्या विक्रमांत तर मराठी नावांची परंपराच दिसते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागी २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ धावांनी मागे टाकली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद ६०६ धावांची भर घातली.

मुंबईने २०२३-२४ मध्ये विदर्भाला हरवून बेचाळिसावे विजेतेपद मिळवले तेव्हा वानखेडेच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली दिल्लीकडून उतरला तेव्हा मैदान भरले, आणि तो सहा धावांवर बाद होताच ओस पडू लागले. मोठ्या नावासाठी झालेली गर्दी खेळाला हवीच असते, परंतु ही स्पर्धा नव्वद वर्षे चालली ती नावारूपाला न आलेल्यांच्या कष्टांवर. सामने बहुतेक ठिकाणी विनामूल्य पाहता येतात. हिवाळ्यात पुणे, नागपूर, मुंबई किंवा पर्वरी येथे सामना असेल तेव्हा वाचकांनी एक दिवस काढावा, आणि तो शक्यतो पहिल्या डावाची आघाडी ठरणार असेल त्या दिवशीचा असावा.