तेरेखोलच्या काठावरून लिफीच्या काठी

परदेशी शिकावयास जाणे ही गोष्ट बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांना नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मात्र ‘परदेश’ या शब्दाचा इतिहास जरा निराळा आहे. तेथील विद्यार्थ्याला एके काळी बेळगाव हाही परदेशच होता.

हे दोन्ही मुलूख मूळचे सावंतवाडीकर भोसल्यांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीजांच्या हाती गेले. पेडणे गेले १७८८ साली. ‘नव्या काबिजादी’ हे नाव त्यांना तेव्हापासूनचे. राज्य बदलले, तरी घरातली कोकणी बोली, देवळातले मराठी कीर्तन आणि पंतोजींनी गिरवून घेतलेली बाराखडी ही तशीच चालत राहिली. पण ज्याला मॅट्रिक होऊन मुंबई विद्यापीठाची पदवी हवी असे, त्याला पत्रादेवीची किंवा दोडामार्गची सरहद्द ओलांडावी लागे. पुढे ही सरहद्द फारच कडक झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पेडण्यातच जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या.

त्या शाळांत पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या पिढीची नातवंडे आज डब्लिनला जातात. आयर्लंडचे नाव या किनाऱ्यावर आता अनोळखी राहिलेले नाही. मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉ. अशोक वराडकर यांचे चिरंजीव लिओ वराडकर हे २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ त्या देशाचे पंतप्रधान होते. शिक्षण इंग्रजीतून, पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यास दोन वर्षांची मुभा, असा हिशेब घरात मांडला जातो. शिवाय २०२३ पासून पेडणे तालुक्यातच, मोपा येथे, विमानतळ सुरू झाला आहे. आजोबांनी जेथे सरहद्दीवर कागद दाखविले, तेथून जवळच नातू विमानात बसतो.

मुक्कामी पोहोचल्यावरचे दिवस मात्र सोपे नसतात. फी वेगळी, आणि वर्षाच्या राहण्या-जेवणासाठी दहा हजार युरो जवळ असल्याचा पुरावा वेगळा. डिचोलीकडे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्जाने घेतलेले ट्रक कित्येक दारांत उभे राहिले. अशा घरांतून शिक्षणासाठी पुन्हा कर्ज काढायचे, म्हणजे उरलेली बागायत पणाला लावणेच होय. डब्लिनमध्ये जागेची टंचाई भारी. एका खोलीत दोघे-तिघे आणि स्वयंपाकघर साऱ्यांचे मिळून एक. घरून नेलेली आमसुले तेथे जपून वापरली जातात. बाजारात मॅकरेल मिळतो, तो आपल्या बांगड्याचा भाऊबंद. पण हुमण रांधले तरी चव घरची येत नाही.

पावसाचे या मुलांना अप्रूप नाही. मात्र तेथला पाऊस बारीक आणि वारा आडवा, त्यामुळे छत्री बिचारी निरुपयोगी. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. गोव्यात रात्रीचे साडेनऊ होऊन आई फोन करते, तेव्हा तेथे संध्याकाळचे चार झालेले असतात आणि मुलगा कामावर निघालेला असतो. सत्र चालू असता आठवड्याला वीस तास काम करण्याची परवानगी आहे. २०२५ साली किमान वेतन ताशी साडेतेरा युरो होते. दुकानात माल लावणे, उपाहारगृहात भांडी घासणे, अशी ही कामे. फोनवर परीक्षेची हकीकत सांगितली जाते, भांड्यांची नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, तेव्हा फोनची वाट पाहत इकडे किती रात्री जागल्या गेल्या असतील, याची कल्पना करावी. आणि चवथ! सत्र सुरू होते नेमके त्याच सुमारास. घरी माटोळी बांधली जाते, तेव्हा हा तिकडे नव्या वर्गात नाव नोंदवीत असतो.

काही जणांपुढे आणखी एक पेच असतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. तो पासपोर्ट असला की युरोपीय संघातील आयर्लंडला व्हिसा लागत नाही, कामाच्या तासांचे बंधनही राहत नाही. मात्र भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. ज्या राजवटीने बेळगावला परदेश केले, तिच्याच देशाचा पासपोर्ट घ्यावा काय, हा प्रश्न आजोबा आणि नातू यांना एकाच प्रकारे सुटत नाही.

डब्लिनच्या रस्त्यांत हा विद्यार्थी आणखी एक धडा शिकतो. तो कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. बसवर शहराच्या मध्यभागासाठी ‘अन लार’ असे आयरिश शब्द असतात. रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश आहे, पंतप्रधानाच्या पदाचे नावही आयरिश आहे. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि शाळेत ती सर्वांना शिकविली जाते. दुकानात, बसमध्ये, वर्गात कानी पडते ती इंग्रजी! २०२२ च्या जनगणनेत सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे भरले जेमतेम बहात्तर हजार. १८४५ पासूनच्या दुष्काळात दहा लाखांवर माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ती भाषा बोलणाऱ्या गरीब मुलखाला त्याची झळ सर्वांत अधिक लागली. जे उरले त्यांना मुलांसाठी इंग्रजीतच भाकरी दिसली, आणि मायबापांनीच मुलांशी आपली भाषा बोलणे सोडले.

गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान राहिले. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. पण कायद्यातली जागा आणि घरातली जागा यांतले अंतर पेडण्याच्या मुलाला डब्लिनच्या पाट्या दाखवितात. तो स्वतः घरी निरोप पाठवितो ते रोमी अक्षरांत, झटपट. आणि बांदोडकरांच्या काळातल्या शाळेत चार इयत्ता शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी आजी तो निरोप दुसऱ्याकडून वाचून घेते.

गुजराती बाजारपेठेत व्यवहार करून घरात मराठी राखणाऱ्या बडोदेकरांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. आपलीही मुले आज दूरदेशी आहेत. त्यांनी तेथे कोणती भाषा बोलावी हे आपण ठरवू शकत नाही. पण आजीला वाचता येईल असा चार ओळींचा मजकूर आठवड्यातून एकदा देवनागरीत लिही, एवढे निघतेवेळी सांगता येते. त्याला ना व्हिसा लागतो, ना युरो.