खिशातील पुडी आणि कायदा

वर्गात कायद्याचा विषय निघाला, की विद्यार्थी आम्हांस हमखास विचारतात, "पुडी ज्याच्या खिशात सापडली, तोच गुन्हेगार ना?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडसारख्या जुन्या न्यायपरंपरेच्या देशालाही ठेच लागली आहे.

2009 च्या एप्रिल-मे महिन्यांत लंडन व केंब्रिज येथील घरांत पोलिसांना गांजाची छुपी लागवड आढळली. दोन्ही ठिकाणी व्हिएतनामहून आणलेला एकेक अल्पवयीन मुलगा हाती लागला. दोघांनीही न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दोघांनाही बंदिवास घडला. मुलांना तस्करांनी आणले होते, असा निष्कर्ष पुढे सरकारच्याच एका खात्याने काढला. खटला चालविणाऱ्या खात्याने मात्र तो मानला नाही. अखेर 2021 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या प्रकरणी ब्रिटनला दोषी ठरविले.

तोवर, 2015 साली, इंग्लंड व वेल्ससाठी नवा कायदा झाला होता. त्याच्या 45 व्या कलमाने अशा मुलांना एक बचाव दिला. प्रौढ माणसाला आपल्यावर सक्ती झाली होती, असा मुद्दा मांडावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलाला त्याची गरज नाही. त्याचे कृत्य शोषणाचाच थेट परिणाम असावे आणि त्याच्या वयाच्या व परिस्थितीच्या समंजस व्यक्तीनेही तेच केले असते, एवढे पुरे. मुलाने असा पुरावा पुढे ठेवला, की तो खोडून काढण्याचा भार सरकार पक्षावर पडतो, असे 2018 च्या एका निकालात स्पष्ट झाले. खून, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांना मात्र हा बचाव लागू नाही.

सक्तीची अट का वगळली असावी, हे टोळ्यांची रीत पाहिली म्हणजे कळते. मोठ्या शहरातील टोळी लहान गावांतील गिऱ्हाइकांसाठी एक टेलिफोन क्रमांक चालविते आणि माल मुलांच्या हाती आगगाडीने धाडते. आरंभी मुलाला बूट, मोबाइल, चार पैसे मिळतात. पुढे टोळीचीच माणसे वाटेत त्याला लुटतात आणि गेलेल्या मालाचे कर्ज त्याच्या माथी मारतात! मग तो "स्वखुशीने" काम करू लागतो.

आपल्याकडील 2015 च्या बाल न्याय कायद्यात 45 व्या कलमासारखा थेट बचाव नाही. परंतु 78 व्या कलमान्वये मुलाकडून अमली पदार्थ विकविणाऱ्या वा वाहविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पकडलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेतात. कृत्य कोणत्या परिस्थितीत घडले, याचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळ पंधरा दिवसांत मागविते. अब्रूच्या भीतीने पुष्कळ घरे अशा वेळी गप्प बसतात. घरात अचानक आलेला मोबाइल, रात्रीअपरात्री येणारे फोन, दाराशी घुटमळणारा "मित्र" ही सारी हकिकत अहवाल लिहिणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यास त्याच पंधरा दिवसांत सांगितली पाहिजे.